डुलकीला चालणारे सिनेमे

सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायची आमच्या घरात एक मोजपट्टी आहे, आणि ती फक्त एप्रिल-मेमध्ये लागू होते. दुपारी जेवून लावलेला सिनेमा मध्ये तासभर झोप काढूनही समजला पाहिजे. समजला तर तो उन्हाळ्याचा सिनेमा. नाही समजला तर कितीही थोर असो, त्यानं पावसाळ्यापर्यंत थांबावं.

बेळगावचा उन्हाळा तसा सोलापूरकरांना हसू यावं इतपतच. तरी शहापूरच्या आमच्या घरात दुपारी कुणी हलत नाही. इथल्या पोरांच्या शाळा एप्रिलमध्येच सुटतात आणि जून उजाडता उजाडता भरतात. कोल्हापूरच्या भाचरांना मात्र जूनच्या मध्यापर्यंत मोकळीक. त्यामुळे सगळी फौज एकदम सापडते ती मे महिन्यात. परसात सांडगे वाळत असतात, टीव्हीसमोर माणसं आडवी झालेली असतात आणि चिरमुऱ्यांची परात मधोमध.

मोजपट्टीवर पहिला नंबर अर्थातच ‘अशी ही बनवाबनवी’चा. १९८८चा सिनेमा, पण कुठंही डोळा लागू दे, कुठंही जाग येऊ दे, पुढचं वाक्य तोंडपाठ. खरं तर तो आता कुणी बघतच नाही. पडद्यावरच्यांच्या आधी वाक्य कोण म्हणतो, एवढीच चुरस असते.

दुसरा नंबर मी ‘केजीएफ’च्या दुसऱ्या भागाला देतो, आणि यावरून घरात माझी बरीच हेटाळणी होते. पोरांना वाटतं मी चेष्टा करतोय. पण आवाज इतका अखंड, की गिरणीशेजारी राहणाऱ्या माणसासारखी छान झोप लागते. आवाज थांबला तरच दचकून जाग येते. जाग आली की त्यातला हिरो यश कुणाकडं तरी रोखून बघत असतो, म्हणजे फार काही चुकलेलं नसतं. भांडण होतं ते भाषेवरून. कोल्हापूरची मंडळी म्हणतात हिंदीत लावा, आमची पोरं म्हणतात कन्नडच. मी पोरांच्या बाजूचा. हिंदीत तोच माणूस मला सिमेंटच्या जाहिरातीतला वाटतो.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. परभाषेतले सिनेमे कन्नडमध्ये डब करायला इथल्या चित्रपटसृष्टीचाच कित्येक दशकं विरोध होता. त्यामुळे थिएटरात हिंदी ते हिंदीत, मराठी ते मराठीत आणि कन्नड ते कन्नडमध्ये. कळेल तेवढं कळायचं, उरलेलं शेजारच्या खुर्चीतला सांगायचा, आणि पुष्कळदा त्याची गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा सरस असायची. आता रिमोटवर पाच भाषा आणि घरात सहा मतं. आत्याचं कन्नड रविवार पेठेतलं, भाव पाडण्यापुरतं खणखणीत. सिनेमातलं बेंगळूरचं कन्नड लागलं की ती दर दोन मिनिटांनी विचारते, “काय म्हणुलालाय रे तो?”

आत्या जुन्या हिंदी सिनेमाला मात्र झोपेतूनही उठते. कारण त्यातली आई बऱ्याचदा सुलोचनादीदी असतात, आणि त्यांचा जन्म खडकलाटचा. आत्या निपाणीकडची. म्हणजे जवळजवळ माहेरचंच माणूस. हिरो कोण, व्हिलन कोण, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. सुलोचनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं की आत्या हिरोला शिव्या घालते.

‘सैराट’ या परीक्षेत बसवूच नये. शेवटाकडं पार्श्वसंगीत थांबतं, तेव्हा पंख्याचा आवाजसुद्धा नको वाटतो. चहा टाकायला कुणी उठत नाही. त्याचा कन्नड अवतार, २०१७चा ‘मनसु मल्लिगे’, आम्ही कुतूहलानं बघितला. रिंकू राजगुरू तीच, चालीही त्याच. पण करमाळ्याकडची ती कोरडी जमीन नसेल तर त्या पोरांचं विहिरीत उड्या मारणं निम्मं फिकं पडतं, असं माझं मत. डुलकी लागली. काही बिघडलं नाही.

यंदा खरा गोंधळ केला तो ‘तिथि’नं. राम रेड्डींचा २०१५चा कन्नड सिनेमा. मंड्याकडच्या खेड्यातली खरीखुरी गावकरी माणसंच त्यात नट. शंभरी ओलांडलेला सेंच्युरी गौडा मरतो आणि अकराव्या दिवसापर्यंत घरात काय काय होतं, एवढीच गोष्ट. संथ. कुणी पळत नाही, गाण्यात कुणी बर्फावर नाचत नाही. मी मनात म्हटलं, आज सगळे घोरणार. मामानं तर सुरुवातीलाच उशी ओढली.

मग नातवाला जमीन विकायची असते. जमीन म्हाताऱ्याच्या नावावर, मधला वारस म्हणजे याचा बाप गड्डप्पा, लांब दाढीचा, दिवसभर बाटली घेऊन रानोमाळ हिंडणारा. त्याला जमिनीत काडीचा रस नाही. म्हणून पोरगा जिवंत बापाच्या मृत्यूचा दाखला करायला निघतो. इथं मामाचे डोळे खाडकन उघडले.

“थांबीव ते. उतारा कुणाच्या नावावर हाय?”

सिनेमा थांबला. मग येळ्ळूरची जमीन निघाली, आजोबांच्या वेळची वाटणी निघाली, तलाठ्याकडच्या खेपा निघाल्या, कुठल्याशा चुलत्यानं बांध दोन फूट सरकवला होता तो निघाला. सांडगे उलटायचे राहिले. आत्या मात्र ठाम गड्डप्पाच्या बाजूची: “त्याला नको हाय म्हणूलालाय की, मग कशाला मागं लागलाय त्याच्या?” मामा म्हणाला, असं बोलणाऱ्यांमुळंच जमिनी जातात. पुन्हा सिनेमा लावला तेव्हा एकही माणूस आडवा नव्हता. मंड्याचं कन्नड आमच्या आत्याला बेंगळूरच्याहून अवघड. पण दाखला, सही, वारस हे कळायला तिला माझी गरज पडली नाही.

शेवट जवळ आला आणि वळीव कोसळला. लाईट गेली. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी बघितला, तोवर मामानं स्वतःचा शेवट ठरवून टाकला होता. त्यात जमीन तहसीलदाराच्या निकालानं घरातच राहते. दिग्दर्शकाचा शेवट त्याला अजिबात पटला नाही.

आता रोज जेवण झालं की तो विचारतो, जमिनीचा आणखी एखादा हाय काय बघ. मी ‘बनवाबनवी’ लावतो. त्यातही भाड्याच्या खोलीचाच घोळ आहे, म्हणून त्यानं सध्या तक्रार केलेली नाही.