शेवटचं पान आधी

रहस्यकादंबरी हातात आली की मी आधी शेवटचं पान वाचते, मग पहिलं. यावरून घरात आणि वाचनालयात माझी यथेच्छ बदनामी झालेली आहे. वाचनालयातले काका तर म्हणतात, "मग पुस्तक घरी नेता कशाला? इथेच उभ्याउभ्या संपवा की, वर्गणी वाचेल." खुनी कोण ते कळल्यावर उरतं काय, असा त्यांचा सवाल.

माझ्या मते खरी मजा तिथून सुरू होते. निदान ज्या गोष्टींत पोलीस उशिरा येतात आणि माणसं घरातल्या घरात एकमेकांना फसवत असतात, त्या गोष्टींत तरी. हल्ली अशा सायकॉलॉजिकल थ्रिलरचं पीक आलंय आणि मलपृष्ठावर 'शेवटचा धक्का' हमखास असतो. धक्का एकदाच बसतो. तो बसून गेला की पुस्तक रद्दीच्या वाटेला. पण नवराच गुन्हेगार आहे हे ठाऊक असताना चाळिसाव्या पानावर तो बायकोसाठी चहा टाकतो, आलं किसतो, "साखर कमी घातलीय हं, डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला," म्हणतो, तेव्हा मला जो घाम फुटतो तो काकांना फुटत नाही. त्यांच्या लेखी तो नुसता चहा.

ॲगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' घ्या. पुस्तक 1926 सालचं, तेव्हा आता मी रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये. गोष्ट सांगतो गावातला डॉक्टर. सभ्य, जरासा मिश्कील, घरी एक चौकस बहीण. आणि खून त्यानेच केलेला असतो! बाईंनी फसवलं म्हणून तेव्हाचे वाचक चिडले होते. पण पुन्हा वाचून पाहा, डॉक्टर खोटं असं बोलतच नाही. पत्र किती वाजता आलं ते तो सांगतो, आपण खोलीतून किती वाजता निघालो तेही सांगतो. मधली दहा मिनिटं तेवढी गाळतो. शेवटी तर ती वाक्यं आपण किती बेमालूम लिहिली, याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटतं. पहिल्या वाचनात ही वाक्यं डोळ्यांखालून निसटतात, दुसऱ्या वाचनात अंगावर येतात. मी थेट दुसऱ्या वाचनापासून सुरुवात करते, इतकंच. आणि ती बहीण! गावभरच्या बातम्या घरबसल्या मिळवणारी बाई, पण एका टेबलावर जेवणाऱ्या भावाचा तिला पत्ता लागत नाही. तिला कधी कळू नये, हीच अखेर डॉक्टरची काळजी असते.

मराठी प्रेक्षकाला खरं तर हे सांगायला नको. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 साली रंगभूमीवर आलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात 'तो मी नव्हेच' म्हणत उभा, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पक्कं माहीत की हा तोच. तरी प्रयोगांवर प्रयोग झाले. फिरत्या रंगमंचावर पणशीकर वेशामागून वेश बदलायचे आणि लोक पुढे सरकून बसायचे, ते हा आता कसा कानांवर हात ठेवतो हे बघायला. मला मात्र लखोबापेक्षा त्याच्या नादी लागलेल्या घरांची धास्ती वाटते. स्थळ चांगलं आहे, माणूस गोड बोलतोय, मग खोलात कशाला शिरा?

आपल्याकडची बहुतेक घरं त्या डॉक्टरच्या वळणाची असतात. खोटं कुणी बोलत नाही, दहा मिनिटं गाळतात. थोरल्या काकांचं आधी एक लग्न झालं होतं हे सगळ्या आत्यांना माहीत, स्वयंपाकाच्या मावशींना माहीत, समोरच्या बिऱ्हाडालाही माहीत. माहीत नसतं ते फक्त काकूच्या मुलांना. काळ्या कागदाच्या जुन्या अल्बममध्ये एका जागी चार कोपरे चिकटवलेले दिसतात, मधला फोटो नाही. पोरानं विचारलंच तर आजी म्हणते, "तू जेवलास का रे?" विषय तिथे संपतो. जेवून झाल्यावर पुन्हा विचारायचं धाडस कुणाच्यात नसतं. कादंबरीत गुपित एकटा माणूस छातीशी धरून बसलेला असतो, इथे पंधरा जण मिळून ते सांभाळतात. सणासुदीला एकत्र जमतात, पुरणपोळ्या लाटतात आणि एकीचीही जीभ घसरत नाही. या शिस्तीवर अजून कुणी धड कादंबरी कशी लिहिली नाही, याचं मला नवल वाटतं.

मग कधीतरी कागद बोलतात. इंग्रजी कादंबरीत पोटमाळ्यावर पेटी सापडते, आमच्याकडे वारसनोंद करायची वेळ येते. सातबाऱ्यावर जुन्या फेरफाराचा नंबर असतो. तो फेरफार काढावा, तर त्यात एका अनोळखी बाईचं नाव आणि पुढे 'पत्नी'. किंवा त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत घराण्याची नामावळ बघावी, तर आजोबांच्याच अक्षरात एक मुलगा जास्त! आता तर गुपिताला वाटाही आलाय. कायद्याने अवैध ठरलेल्या विवाहातल्या मुलांनाही एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या आईवडिलांच्या हिश्शात हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितलं. त्यामुळे "तू जेवलास का?" एवढ्यावर आता भागायचं नाही. माझ्या डोक्यातल्या थ्रिलरमध्ये गुप्तहेर नाहीच, एक तलाठी आहे, आणि त्याला या सगळ्याचा भयंकर कंटाळा आलेला आहे.

घरातली फसवणूक घराच्याच सोयींमधून उघडी पडते, हे पॅट्रिक हॅमिल्टनच्या 'गॅस लाइट' या 1938 सालच्या नाटकात झकास दाखवलंय. नवरा रात्री गुपचूप वरच्या बंद मजल्यावर जातो, तिथला दिवा लावतो, आणि गॅसची जोडणी एकच असल्याने खाली बायकोच्या खोलीतले दिवे मंदावतात. बाहेर जातो म्हणून गेलेला माणूस डोक्यावरच फिरतोय, हे तिला दिव्यांवरून कळतं. आज नवरा "पुण्यातच आहे, मीटिंग चाललीय" म्हणतो आणि खालापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज बायकोच्या फोनवर येतो, कारण खातं तिच्या नंबराला जोडलेलं. लेखकांनी अशा गोष्टी घ्याव्यात, स्मृतिभ्रंश आणि जुळी भावंडं आता पुरे झाली.

आणि वाचनालयातल्या काकांना माझं शेवटचं उत्तर असतं ते महाभारत. कर्ण कुणाचा, हे ऐकणाऱ्याला आदिपर्वातच सांगून टाकलेलं आहे. म्हणून तर शस्त्रविद्येच्या त्या रंगमंडपात कर्ण अर्जुनासमोर उभा राहतो आणि कुंतीला मूर्च्छा येते, तेव्हा आपल्या पोटात कालवतं. भोवतालच्यांना वाटलं असेल, उन्हानं झालं.

त्यातही मला छळते ती सत्यवती. कुंतीची आजेसासू. लग्नाआधीचा मुलगा तिलाही होता, व्यास. पण कुरुवंशाला वारस उरला नाही तेव्हा तिने भीष्माला ते मोकळेपणी सांगितलं, व्यासाला बोलावणं गेलं आणि वंश पुढे चालला. गरज होती, म्हणून तिचं गुपित मानानं घरात आलं. कुंतीच्या मुलाची घराला गरज नव्हती. ती बोलली ते युद्ध तोंडावर आल्यावर, तेही फक्त कर्णाशी. त्याला तर आधीच कृष्णाकडून कळलेलं होतं, आणि युधिष्ठिराला हे सांगू नकोस, असं त्यानेच कृष्णाला विनवलं होतं. ज्याची फसवणूक झाली तोच गुपित राखत बसला!

सगळं संपल्यावर, मेलेल्यांना पाणी देताना कुंती मुलांना म्हणते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळतो, आणि पुढे शांतिपर्वात बायकांच्या जातीला शाप देतो की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. कर्णाचं जन्मरहस्य कृष्णाला ठाऊक होतं, भीष्मालाही ठाऊक होतं. खुद्द शाप देणाऱ्याने त्याच युद्धात, पंधराव्या दिवशी, 'नरो वा कुंजरो वा' करून स्वतःच्या गुरूला मरणाच्या तोंडी दिलं होतं. शाप बायकांना.