ओटीतले ब्लाऊजपीस आणि ईस्टरची अंडी

जर्मनीत येताना आईने बॅगेत कोंबलेले ओटीतले ब्लाऊजपीस चार वर्षं तसेच पडून होते, शिवायला टेलर नाही आणि टाकवतही नाहीत. यंदा ते सगळे अंड्यांवर गेले.

इथे ईस्टरच्या आधी घराघरात ओस्टरश्ट्राउस दिसतो, म्हणजे फुलदाणीत फोरसिथियाच्या नाहीतर बर्चच्या फांद्या आणि त्यावर दोऱ्याने टांगलेली रंगीत अंडी. अंगणातल्या झाडांवरही टांगतात. झालफेल्ड गावातल्या फोल्कर क्राफ्ट आजोबांनी 1965 मध्ये सफरचंदाच्या छोट्याशा झाडावर 18 प्लास्टिकच्या अंड्यांनी सुरुवात केली आणि 2012 पर्यंत आकडा पोचला 10,000 वर! त्यातली बरीचशी खरी, भोक पाडून फुंकून रिकामी केलेली. मी तीन फुंकून बघितली, दोन फुटली, गाल दुखले, रात्री भुर्जी झाली.

मग थर्माकोलची अंडी आणली (हो माहितीये, महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, पण ही दरवर्षी डब्यातून काढून परत लावायची आहेत, एवढं चालवून घ्या). पद्धत सोपी आहे, सुई लागतच नाही. अंड्याला उभा रबरबँड लावून पेनने रेघ मारायची, मग दुसरीही उभीच, पण पहिलीला दोन्ही टोकांवर छेदणारी, म्हणजे चार फाका होतात. रेघांवरून कटरने साधारण अर्धा सेंटिमीटर खोल चिरायचं. फाकेपेक्षा सगळीकडून अर्धा सेंटिमीटर मोठा कपडा कापायचा, वर ठेवायचा आणि कडा बोथट नेल फाइलने चिरेत खोचायच्या. खोचणं हे साडी नेसणाऱ्या बाईला काय शिकवायचं! जपानमधल्या किमेकोमी बाहुल्यांचे कपडेपण असेच लाकडात खाचा पाडून खोचतात, शिवत नाहीत.

सगळ्यात त्रास टोकांना होतो. अंडं गोल, कपडा सपाट, चुण्या पडणारच. तिरका कापला, आमचा टेलर ज्याला उरेप म्हणायचा तसा, की ताणला जातो आणि नीट बसतो. तरी उरलेल्या चुण्या वरच्या टोकाला ढकलायच्या, तिथे रिबनचा लूप टाचणीने लावला की कोणाला दिसतंय! पातळ सुती कपडा सगळ्यात भारी. खण बसतो पण जाडसर, दोन्ही बाजूंच्या कडा एकाच चिरेत जाईनात म्हणून चीर थोडी रुंद केली. जरीच्या काठाला मात्र हात जोडले, सुटे धागे बाहेर येतच राहतात. आणि गरम ग्लूगन अजिबात नको, माझं पहिलं अंडं तिने खड्डा पडून वाया गेलं, थर्माकोल वितळतो.

गुड फ्रायडेला इथे दुकानं बंद, त्यामुळे रिबन संपली तेव्हा मी अडकले, शेवटच्या दोन अंड्यांच्या चिरांवर मिठाईच्या खोक्याची सोनेरी दोरी चिकटवली आणि खरं सांगू तीच सगळ्यात छान दिसतायत. एकूण अकरा झाली. शेजारच्या आजींना हिरव्या खणाचं दिलं तर त्या बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसल्या, शिवण शोधत होत्या.

आईला व्हिडिओ कॉलवर फांदी दाखवली. म्हणाली, "अगं तो हिरवा चांगला होता, ब्लाऊज झाला असता." ओटीतल्या ब्लाऊजपीसमध्ये आजवर कोणाचा ब्लाऊज बसलाय?