फ्रीज बंद पडतो तो सीन

अंधेरीला एका साउंड स्टुडिओत काम करते, 12 वर्षं झाली. लोक नेहमी विचारतात की हॉरर पिक्चरचं काम करताना भीती वाटत नाही का, तर नाही वाटत, कारण माझ्याकडे भूत सुट्टं सुट्टंच येतं, पावलं एका ट्रॅकवर, श्वास दुसऱ्या ट्रॅकवर, आणि हाडं मोडल्याचा आवाज म्हणजे आम्ही माइकजवळ मोडलेली गाजरं. पण दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका दिवशी जे झालं त्याने माझी कामाची पद्धतच बदलली.

कमी बजेटचा मराठी पिक्चर होता. परळच्या चाळीतली खोली, रात्रीचे दोन वाजलेले, सून पाणी प्यायला स्वयंपाकघरात येते, सासूचं तेरावं आदल्या दिवशीच झालंय, आणि ओट्यापाशी सासू पाठमोरी उभी. आम्ही सीनभर खालून सबवूफरची घरघर ठेवली होती आणि सासू दिसली की धाडकन मोठा आवाज. आठ-दहा जणांना दाखवला, सगळे जागच्या जागी उडाले आणि लगेच एकजण हसला, मग सगळेच हसले, पुढचा अख्खा सीन गप्पांत गेला.

डिरेक्टर पोरगा पार उतरला होता. घरचे पैसे घातले होते त्याने. म्हणाला, ताई, आवाज अजून वाढवूया ना.

मी म्हटलं अरे दचकणं म्हणजे भीती नाही. मोठा आवाज झाला की साधारण 40 मिलिसेकंदात पापणी मिटायला लागते, पिक्चरची एक फ्रेमच जवळपास 42 मिलिसेकंदांची असते, म्हणजे डोक्याला काही कळायच्या आत अंग आपलं काम करून मोकळं होतं. फुगा फुटला तरी तेच होतं. आणि एकदा दचकून झालं की माणूस सुटतो, म्हणून तर हसतो. घरघरीचं पण तसंच, सतत वाजत राहिली की कानाला सवय होते आणि मग ती असून नसल्यासारखी.

त्याला पटेना. म्हणाला, मग हिचकॉकच्या सायकोमध्ये व्हायोलिनं किंचाळतात त्याचं काय? म्हटलं चल बघूया. 1960 चा पिक्चर, बर्नार्ड हरमनचं संगीत. आंघोळीचा सीन लावला आणि त्याला डोळे मिटून नुसतं ऐकायला लावलं. खुनी बाथरूमचा पडदा सरकवेपर्यंत संगीत नाहीच, नुसतं शॉवरचं पाणी पडतंय, पडतंय, आणि तू वाट बघत बसतोस. व्हायोलिनं त्यानंतर येतात. तो ऐकून गप्प झाला, पण आपल्या सीनमध्ये पाणी कुठून आणायचं हे दोघांनाही सुचेना.

साडेचारच्या सुमाराला बाहेर तुफान पाऊस, आणि लाईट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, स्क्रीन चालूच, फक्त एसी बंद पडला. आणि खोलीतल्या आम्ही चौघांनी एकाच क्षणी मान वर केली. कोणी काही बोललं नव्हतं, काही वाजलं नव्हतं, उलट वाजणारं थांबलं होतं. दिवसभर त्या एसीचा आवाज आमच्यापैकी एकालाही ऐकू येत नव्हता, तो गेल्यावर आला.

मी म्हटलं, तुझ्या स्वयंपाकघरात फ्रीज आहे ना?

त्या रात्री घरी आमच्या जुन्या फ्रीजच्या पाठीला माइक लावून त्याची गुणगुण रेकॉर्ड केली (आई झोपेतून उठून विचारत होती काय चाललंय). सकाळी ती सीनच्या सुरुवातीपासून टाकली, अगदी हळू, कोणाच्या लक्षात येणार नाही इतकी. सबवूफर काढला, धाडकन आवाज काढला. सून माठातून पाणी घेते, पेला तोंडाला लावते आणि फ्रीज बंद पडतो, त्या शेवटच्या थडथडीसकट. मग 11 सेकंद काही नाही. सून पेला खाली ठेवत नाही. मग तिच्या मागे पातेल्यावर झाकण बसल्याचा बारीक टण्. बस. तो टण् मी सतरा वेळा रेकॉर्ड केला, स्टीलचं झाकण फार छान वाजत होतं, शेवटी आजीचं पितळेचं पातेलं आणलं, त्याचं झाकण जरा वाकडं आहे, टेकल्यावर किंचित डुगडुगून मग बसतं, कोणीतरी जपून ठेवल्यासारखं.

चहावाले मामा आले होते, त्यांना म्हटलं मामा दोन मिनिटं बसा. चहाची किटली हातातच होती. फ्रीज बंद झाला आणि मामांनी श्वास धरला, मला दिसत होतं ते, शर्ट हलायचा थांबला. टण् झाल्यावर त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही, वळून आमच्या पँट्रीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, पोरी, पुढचं नको दाखवू आता, मला पाच मजले खाली जायचंय.

डिरेक्टरच्या डोळ्यात पाणी होतं.

पिक्चर लागला तेव्हा रविवारी संध्याकाळी दादरला जाऊन बघितला, मुद्दाम मागच्या रांगेत बसले. पुढे एक मुलगा सुरुवातीपासून पॉपकॉर्नच्या पुड्यात हात घालून खसखस करत होता, मला तर वाटलं आता हा माझे 11 सेकंद खाणार. फ्रीज बंद पडला. त्याचा हात पुड्यातच राहिला, झाकण वाजेपर्यंत.