गंजलेली सहाचाकी, नोंद चौथी : तळाची फ्रेम अखेर बाहेर आली

मागच्या नोंदीत इंजिन मोकळं झाल्याचं कळवलं होतं. तेव्हा वाटलं होतं की अवघड काम संपलं, आता रंगरंगोटी आणि जोडाजोडी. पण अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचे दांडे, काढायला बसलो आणि पुढचे तीन महिने त्यातच गेले. खरा गंज तळात होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सहा चाकं, जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी छोटी गाडी, १९७०च्या आसपासची. उत्तर अमेरिकेत तेव्हा अशा गाड्यांची लाटच आली होती. कॅनडाच्या ऑन्टारिओत आर्गो १९६७ साली सुरू झाली आणि आजही बनते, बाकीच्या बहुतेक कंपन्या मागे पडल्या. माझ्या गाडीवरची नावाची पट्टी गंजून सपाट झाली आहे. आत गिअरबॉक्स मात्र बोर्ग-वॉर्नरचा टी-२० आहे, पण तेवढ्यावरून कूळ ठरत नाही. मॅक्स, अ‍ॅटेक्स, हसलर, अशा त्या काळच्या सगळ्या सहाचाकींनी तो वापरला. बॉडी एबीएस प्लास्टिकची, वरचा आणि खालचा असे दोन भाग. खालच्या टबात लोखंडी फ्रेम, आणि इंजिन, गिअरबॉक्स, चेन सगळं त्या फ्रेमवर.

आता गंजाबद्दल. टबाला कुठेच मोठं भोक नव्हतं, म्हणून घेताना मी खूश होतो. पण जो टब बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तो आत आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. पाऊस, चाकांवरून उडालेलं पाणी, सीलमधून झिरपलेलं पाणी, सगळं तळाशी साठलं आणि फ्रेम वर्षानुवर्षं त्यात बसून राहिली. इंजिनाच्या बाजूची वरची पट्टी आजही चकचकीत आहे. तिच्यापासून वीतभर खाली अँगलचे, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टीचे, पापुद्रे हाताने सोलून निघत होते. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा बॉडी आणि इंजिन नंतर बघा. आधी सीटखालून हात घालून तळाचा अँगल चाचपा.

अडचण क्रमाची होती. सहाही अ‍ॅक्सल टबाच्या भोकांतून बाहेर येतात, त्यामुळे ते काढल्याशिवाय फ्रेम निघत नाही. आणि टब जागेवर असेपर्यंत जाम बेअरिंगला गॅसची ज्योत दाखवता येत नाही, एबीएस मऊ पडून वाकतं. जाम नटांवर आपण सगळे वापरतो ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि अ‍ॅसिटोनचं मिश्रणही इथे चालत नाही. अ‍ॅसिटोन एबीएसला विरघळवतं, एक थेंब पडला तरी तिथे खड्डा. म्हणजे हाताशी उरलं काय, तर फटीत झिरपणारं साधं भेदक तेल, पुलर (स्क्रू फिरवून भाग ओढून काढायचं हत्यार) आणि धीर.

पहिले तीन अ‍ॅक्सल एका दिवसात निघाले. चौथ्याला, डावीकडच्या मधल्याला, नऊ दिवस लागले. बेअरिंगच्या कॉलरचा छोटा स्क्रू आत गोल झालेला, तो ड्रिल करून उडवला. तरी कॉलर हलेना. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे शाफ्ट आणि बेअरिंगच्या आतल्या कड्यामधली केसाएवढी फट त्याने ठासून भरली होती. रोज सकाळी तेल, संध्याकाळी पुलरचा पाव फेरा, आणि त्या ताणावरच शाफ्टच्या टोकाला पितळी ठोकणीने चार हलके ठोके. नवव्या संध्याकाळी ‘टक्’ असा आवाज आला. मी ठोकणी खाली ठेवून नुसता बघत राहिलो. कडं दोन मिलिमीटर सरकलं होतं आणि मागून तांबडं पाणी ओघळत होतं. सीलच्या आत जिथे ग्रीस असायला हवं, तिथे फिकट तपकिरी, साबणासारखा लगदा होता, बोटांत घासला की खरखर लागणारा. पाणी आणि ग्रीस घुसळून तयार झालेला तो लगदा बेअरिंगला पॉलिश पेपरासारखा खात होता. बाराही बेअरिंग टाकून दिली. दोन बरी फिरत होती, पण एकदा उघडल्यावर जुनी परत बसवायला मन धजत नाही.

फ्रेम बाहेर आल्यावर ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासायचा मोह झाला. घासलं नाही. वायर ब्रश गंजाबरोबर चांगलं लोखंडही घासतो आणि खड्ड्यांच्या तळाशी पोचतच नाही. म्हणून विजेने गंज काढला. फ्रेम दीड मीटरची, पिंपात मावणारी नाही. फळ्यांची लांबट पेटी केली, आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी भरलं आणि लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा टाकला. १२ व्होल्टच्या जुन्या पद्धतीच्या चार्जरची ऋण वायर फ्रेमला, धन वायर भंगारातल्या लोखंडी पट्ट्यांना. हे उलटं झालं तर फ्रेमच विरघळेल, तेव्हा चालू करण्यापूर्वी दोनदा बघावं. नव्या धर्तीचे हुशार चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत, जुना शोधा. पट्ट्या स्टेनलेसच्या कधीही घेऊ नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. बुडबुडे निघतात ते हायड्रोजनचे, म्हणून पेटी उघड्यावर ठेवली आणि चिमटे काढण्यापूर्वी दर वेळी आधी चार्जर बंद केला. चेन, स्प्रिंगा आणि कडक बोल्ट या पेटीत टाकले नाहीत. हायड्रोजन शोषून कडक पोलाद ठिसूळ होतं.

दुसऱ्या दिवशी फ्रेम उचलली तर तांबड्या गंजाच्या जागी काळा मऊ थर होता, नायलॉनच्या ब्रशने निघाला. खाली राखाडी धातू आणि त्यावर कारखान्यातल्या वेल्डिंगच्या लहरी जशाच्या तशा. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने ओढलेला तो टाका बघून फार समाधान वाटलं. ही पद्धत मात्र नजरेच्या रेषेत चालते, पट्टीकडे तोंड असलेली बाजूच साफ होते. फ्रेम दोनदा पालथी केली. चौकोनी नळ्यांच्या आत पोचण्यासाठी प्लास्टिकची कडी अडकवलेली लोखंडी सळई मधोमध घातली, फ्रेमला टेकू न देता.

धुतल्यावर ताबडतोब कोरडी करावी लागते. मी कापड शोधायला आत गेलो, तेवढ्यात पिवळसर झाक आली. ती फॉस्फोरिक अ‍ॅसिडने काढली, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात.

स्वच्छ झाल्यावर खरं नुकसान दिसलं. बॅटरीखालचा अँगल वीतभर लांबीत जाळीसारखा झाला होता. तो कापून नवा बसवला, वेल्डिंग मित्राने केलं. माझा हात तेवढा बसलेला नाही आणि या जागी गिअरबॉक्सचा भार येतो. आडव्या नळ्यांची टोकं मुळात बंद होती. ही रचना मला पटत नाही. बोल्टच्या भोकातून पाणी आत जातं आणि निघायला वाट नसते. प्रत्येक नळीला सर्वांत खालच्या जागी ६ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि आत मेणाचा फवारा मारला. फ्रेम मूळ अवस्थेतच ठेवावी असं मानणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण मला ही गाडी पाण्यात उतरवायची आहे.

चेनबद्दल. आमच्या चेनची एक कडी ५/८ इंचाची, म्हणजे बारा कड्या नव्या असताना १९०.५ मिलिमीटर भरतात. ताणून मोजल्या तर १९५ भरल्या. सव्वादोन टक्क्यांच्या वर ताणली गेलेली चेन, आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांचे, दातही आकड्यासारखे वळलेले. हे अंदाजाने सोडू नका. वळताना एका बाजूची चाकं थांबतात आणि सगळा जोर दुसऱ्या बाजूच्या चेनवर येतो, ढिली चेन नेमकी तेव्हाच दात सोडते. जमिनीवर निभावतं. पाण्यात एक बाजू गेली की गाडी जागच्या जागी गोल फिरत राहते. चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही नवे घेतले, एकच बदललं तर जुनं नव्याला महिन्याभरात खातं.

टबाला पाच तडे होते. प्रत्येक तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून तो तिथेच थांबवला. मग जे अ‍ॅसिटोन आधी शत्रू होतं तेच कामाला आलं. सीटखालच्या न दिसणाऱ्या कडेचे तुकडे काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवले, सकाळी मधासारखी लापशी झाली. ती तड्यात भरली, मागून फायबरची जाळी दाबली. वाळायला चार दिवस दिले. वरून एका दिवसात कडक वाटतं, आत ओलं असतं.

टायरचं एकच सांगतो. या गाडीला स्प्रिंग नाहीत, टायर हीच स्प्रिंग आणि टायर हेच वल्हं. हवा दोन-तीन पीएसआय, साध्या मीटरवर काटाही हलत नाही. एका बाजूची तिन्ही चाकं चेनने बांधलेली असल्याने त्यांचा घेर सारखा हवा, नाहीतर ती एकमेकांना ओढत राहतात आणि चेन विनाकारण ताणली जाते. त्यामुळे मी हवा दाबावर नाही, टेपने घेर मोजून भरतो.

काल उजवी बाजू जोडली. तीन अ‍ॅक्सल, सहा नवी बेअरिंग, दुहेरी ओठाची सीलं. प्रत्येक बाहेरच्या बेअरिंगपासून ग्रीसची बारीक नळी सीटखालपर्यंत आणली आहे, म्हणजे गाडी न उलगडता पंप मारता येईल. सगळं घट्ट केल्यावर मधलं चाक एका बोटाने फिरवलं. पुढचं आणि मागचं त्याच क्षणी फिरू लागलं, फक्त चेनचा ओला, जड आवाज. मी ते बराच वेळ फिरवत होतो.

डावी बाजू पुढच्या आठवड्यात. मग टबात आतून चार बोटं पाणी भरून बाहेर कुठे थेंब येतो ते खडूने खुणा करत बघायचं, आणि त्यानंतर टी-२० उघडायचा. त्याचे ब्रेकचे पट्टे किती उरलेत हे वरून कळत नाही. गाडी वळवायचा डावा दांडा ओढल्यावर शेवटपर्यंत येतो आणि पकड मात्र जाणवत नाही. कुणी तो पट्टा गिअरबॉक्स न उतरवता सावरला असेल तर कसा, ते जरूर लिहा.