माझा अनुभव: 1,60,000 किलोमीटरची गाडी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

"साहेब, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? वॉल्व काढला की गाडी थंड राहते." मुंबईत जुनी गाडी वापरणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच. काही गॅरेजवाले तेवढंही सांगत नाहीत, परस्पर काढून टाकतात. हा वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारी झडप. माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट असाच गेला होता आणि बिलावर त्याची ओळसुद्धा नव्हती. गाडी 2011 ची पेट्रोल हॅचबॅक. पावसाळ्याआधी करायच्या कामांची यादी होती. बाकी सगळी कामं दोन दिवसांत उरकली आणि या तळहाताएवढ्या भागासाठी 19 दिवस गेले. म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

आधी एक हिशेब. मीटरवरचे किलोमीटर मुंबईच्या गाडीचं खरं वय सांगत नाहीत. ताशी 20 च्या सरासरीने 1,60,000 किलोमीटर म्हणजे इंजिन 8,000 तास चाललं. तेच अंतर हायवेवर ताशी 60 ने कापलं असतं तर 2,700 तासही भरले नसते. सायनला, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी जागची हलत नाही तेव्हा मीटर थांबतो, पण ऑइल, पंखा, वॉटर पंप आणि इंजिन माउंटिंग झिजतच असतात. म्हणून मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी जो वेगळा तक्ता दिलेला असतो, तोच आपला समजा. त्यात ऑइल बदलायचं अंतर बरंच कमी असतं.

आता थर्मोस्टॅट. आत मेणाची कुपी आणि स्प्रिंग असते. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला, साधारण 82 ते 88 अंशांना, मेण फुगून तोंड उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. बर्फाशी त्याचा संबंध नाही. इंजिन ठरलेल्या तापमानावर टिकवून ठेवणं हे त्याचं काम. तो काढला की पाणी सुरू केल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं. सेन्सर संगणकाला सांगतो की इंजिन अजून थंड आहे, आणि संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पुरेसं तापत नसल्याने त्यातली वाफही उडून जात नाही आणि गाळ धरतो. काही इंजिनांत याच थर्मोस्टॅटची मागची चकती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या आडवाटेचं, तोंड बंद करते. तिथे तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येतं, आणि घाटात इंजिन उलट जास्त तापतं.

तुमच्या गाडीचा काढलाय का, हे घरच्या घरी कळतं. ज्या गाड्यांत तापमानाचा काटा नसून निळा आणि लाल दिवा असतो, तिथे निळा दिवा दोन-चार किलोमीटरमध्ये विझायला हवा. मोकळ्या रस्त्यावर तो पुन्हा लागत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवर नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावा. पहिल्या मिनिटापासून तो हळूहळू कोमट होत गेला तर तीच शंका. चांगला थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. नक्की आकडा हवा असेल तर ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारा, ब्लूटूथ अडॅप्टर लावा. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ताशी 60-70 च्या वेगात माझं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, 64 ते 68 अंश दाखवत होतं. थर्मोस्टॅट बसवल्यावर तेच 86 ते 92 झालं.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) उघडायला होकार देऊ नका. कूलंटची पातळी घटत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर ती बहुधा थंड इंजिनात साचलेली वाफ असते.

वॉल्व काढतात तो गाडी गरम होते या तक्रारीवर. खरं दुखणं शोधायला लागतात दहा मिनिटं. गाडी ट्रॅफिकमध्ये तापते पण चालती असताना ठीक राहते, तर पंख्याकडे बघा: मोटर, रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), फ्यूज, सेन्सर. एसी लावल्यावर पंखा फिरतो का, ही पहिली चाचणी. ट्रॅफिकमध्ये ठीक पण हायवेला किंवा खंडाळ्याच्या चढावर तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय, बाहेरून जाळीत कचरा बसलाय किंवा पंप कमजोर आहे. पाणी सतत बाटलीत जातं आणि परत येत नाही, तर रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलंय. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा दाबाचा आकडा असतो. तोच आकडा असलेलं नवं घ्या. हा दाब धरला जातो म्हणून साधं पाणीसुद्धा 100 अंशांऐवजी 120 च्या आसपास उकळतं. झाकण सैल असेल तर हे सगळं संरक्षण गेलं. माझ्या गाडीत मेला होता तो पंख्याचा रिले. तो तसाच राहिला आणि थर्मोस्टॅट निघाला, यावर माझा खरा राग आहे.

मग भाग मिळवायचा खटाटोप. गॅरेजने मागवलेला पहिला 82 अंशांचा आला, गाडीला हवा 88 चा. दुसऱ्याचा आकडा बरोबर होता, पण हवा निघून जायला असते ती छोटी हलती पिन त्यात नव्हती. दोन्ही वेळा "चालतो, लावून टाकू" हेच ऐकलं. चालत नाही. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, तो कागदावर लिहा आणि ऑपेरा हाऊसच्या किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडच्या दुकानात तो नंबर दाखवूनच मागा. "अमुक गाडीचा वॉल्व द्या" म्हटलं की हाताला लागेल तो मिळतो. रबर रिंग किंवा पॅकिंग बरोबरच घ्या, जुनं परत वापरू नका. बसवण्याआधी गॅसवर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी सोडा. छापलेल्या आकड्याजवळ तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी गार होताना पूर्ण मिटला पाहिजे. ज्याच्या हाउसिंगला (थर्मोस्टॅट बसतो त्या खोबणीला) पिन वरच्या बाजूला येईल अशी जागा आहे, त्याची पिन वरच ठेवायची.

पुढची अडचण साध्या पाण्याची. थर्मोस्टॅट काढणारे बहुतेक वेळा कूलंटही नळाचंच भरतात. पालिकेचं पाणी प्यायला उत्तम, इंजिनाला नाही. त्यात गंज रोखणारं काही नसतं, वर क्लोरीन आणि क्षार. टँकरचं किंवा बोअरचं तर आणखी वाईट. यामुळे हाउसिंगचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये गंजून धरतात. माझा एक 6 मिलिमीटरचा बोल्ट मुंडीपाशी तुटला, तो काढण्यात एक पूर्ण दिवस आणि नव्या हाउसिंगची वाट बघण्यात चार दिवस गेले. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला सांगा. नवे बोल्ट 10 न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात, लांब पान्याने जोर लावायचा नाही.

मग हे पाणी फिरतं तो सगळा मार्ग आतून धुवायचा. तो असा. इंजिन पूर्ण थंड. गरम असताना झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. रेडिएटरचा खालचा नळ उघडून किंवा खालचा होज काढून पाणी टबमध्ये घ्या. मग डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन वरचा होज तापेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. तांबूस पाणी जायला मला पाच फेऱ्या लागल्या. प्रत्येक फेरीत इंजिन थंड होऊ द्यावं लागतं, म्हणून गॅरेजवाला दोनातच थांबायला बघतो. गाडीपाशी उभे राहा. अॅल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर असेल तर रॉडिंगला (नळ्यांत सळी घालून साफ करण्याला) नाही म्हणा. ते जुन्या पितळी रेडिएटरचं काम. हा चोंदला तर बदलायचा.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. नळ उघडला तरी इंजिनच्या ब्लॉकमधलं आणि हीटरमधलं पाणी आतच राहतं. वरून तयार मिश्रणाचं कूलंट ओतलं की ते पातळ होतं. त्यामुळे शेवटच्या धुण्यानंतर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, वापरा. माझ्या गाडीची क्षमता 4.5 लिटर, म्हणून 50 टक्क्यांसाठी 2.25 लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतलं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली. मॅन्युअलमध्ये 30 टक्के सांगितलं असेल तर 1.35 लिटर. कूलंटचा रंग बघून जात ठरवू नका, प्रत्येक कंपनीचा हिरवा वेगळा. वेगवेगळ्या जातींचं मिश्रण तर मुळीच नको.

भरताना गाडीचं नाक थोडं उंच, हीटर चालू, झाकण उघडं. बुडबुडे थांबले की झाकण लावा, खालचा होज तापेपर्यंत आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. पुढच्या तीन सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा.

एक इशारा द्यायचा राहिला. जुना गंज निघाला की त्यानेच बुजलेली गळती उघडी पडते. वॉटर पंपाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडीला, खाली एक बारीक भोक असतं. तिथे ओघळ किंवा रंगीत डाग दिसला की आतलं सील गेलं. ते भोक बुजवायचं नसतं, पंप बदलायचा असतो. गाडीला टायमिंग बेल्ट असेल आणि पंप त्याच्यावरच चालत असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदला, मजुरी जवळपास तीच पडते. मला मात्र पंपासाठी गाडी पुन्हा उघडावी लागली. धुण्याआधीच त्या भोकाखाली टॉर्च मारली असती तर ते दोन दिवस वाचले असते.

काढलेलं कूलंट सोसायटीच्या गटारात किंवा आवारात सांडू देऊ नका. ते गोड लागतं, मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.

बाकीची कामं अडली नाहीत, तरी दोन-तीन सांगायलाच हवीत. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली तरी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, ओलावा शोषल्यावर ही अट फक्त 155 ची. घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या रबर बूटला चीर असेल तर पावसाआधीच बदला. पाणी आत गेलं की पूर्ण जॉइंट जातो. काचेखालच्या जाळीतला गुलमोहराचा पाला काढून निचऱ्याची भोकं मोकळी करा, नाहीतर पाणी थेट पायाखाली येतं.

आणि गाडी देताना जॉब कार्डवर स्वतः लिहा: "थर्मोस्टॅट काढू नये. साधं पाणी भरू नये. काढलेले जुने भाग परत द्यावेत." खाली त्यांची सही घ्या आणि कार्डचा फोटो काढून ठेवा.