लांब दाराची ट्रायम्फ

आर्वी तालुक्यातल्या एका वाड्यामागच्या कोठ्यात ही गाडी तुरीच्या कुटाराखाली पडून होती. मालकाच्या आजोबांची ट्रायम्फ टीआर-टू, दोन माणसांची इंग्लिश स्पोर्ट्स कार. दार उघडलं तर ते पार तळापर्यंत आलेलं! टीआर-टू १९५३ साली निघाली, आणि अशी लांब दारं फक्त सुरुवातीच्या गाड्यांना होती. फूटपाथ उंच असला की दार त्याला अडायचं, म्हणून १९५४ मध्येच कंपनीनं ती आखूड केली. आमच्या डेंटरला खालचा कुजलेला पत्रा कापून दार आखूड करायचं होतं, कारण ते सोपं. मी नाही म्हटलं. सडलं तेवढंच काढ, तेवढाच पत्रा हातानं ठोकून जोड. दार आखूड केलं तर हिच्यात जुनं उरतं काय?

इंजिन मात्र जाम होतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं तेव्हा शेजारच्या गावचे मिस्त्रीकाका आले होते. उभी हयात ट्रॅक्टर दुरुस्तीत गेलेली. ब्लॉकमध्ये वाकून पाहिलं न म्हणाले, "भाऊ, हे तं आपल्या फर्गुसनचं इंजन हाये!"

खरंच होतं ते. ट्रायम्फ जिच्या मालकीची होती त्या कॉव्हेन्ट्रीच्या स्टँडर्ड कंपनीनं हेच पाण्यातल्या लायनरचं इंजिन (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, बाहेरून पाणी खेळतं) व्हॅनगार्ड मोटारीला दिलं, राखाडी फर्गुसन ट्रॅक्टरला दिलं, आणि त्यातूनच टीआर-टूचं निघालं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तिघांचा ९२ मिलिमीटर. व्हॅनगार्डचा बोअर, म्हणजे नळीची आतली रुंदी, ८५. हिचा मुद्दाम ८३ ठेवला, म्हणजे इंजिन १९९१ सीसीचं होऊन दोन लिटरपर्यंतच्या गाड्यांच्या शर्यतीत बसतं.

मालक म्हणाले, "मंग ८५ चेच टाका ना लायनर. आतलं कोन पाह्यते?"

मी पाहतो. शिवाय जुने लायनर वाचणार होते. डिझेल न ऑईल मुरवून पिस्टन सुटले, खालून लाकडाचा ठोकळा लावून लायनर काढले, प्रत्येकावर त्याच्या जागेचा नंबर टाकला आणि आतून घासून, म्हणजे होनिंग करून आणले. मापात निघाले.

बसवायच्या दिवशी काका सकाळीच हजर. या इंजिनात सगळा खेळ लायनरच्या बुडाशी असलेल्या, आठाच्या आकड्यासारख्या पॅकिंगचा. लायनर ब्लॉकच्या वर तीन ते पाच थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) उभा राहिला पाहिजे. कमी राहिला तर हेड त्याला दाबत नाही आणि पाणी थेट ऑईलमध्ये उतरतं. पहिले तीन नीट बसले. चौथा दोन थाऊवरच थांबला.

"काढ त्याले," काका म्हणाले.

बाकी तीन बरोबर होते, घाई असती तर कोणीही हेड कसलं असतं. आम्ही काढला. ब्लॉकमधली बैठक बॅटरीनं पाहिली, ठीक होती. मग काकांनी लायनरच्या कॉलरखालून नख फिरवलं आणि बोट थांबलं. जागा खाल्लेली होती. एकाच माणसाकडे तसाच दुसरा ८३ चा लायनर होता, नागपूरला. मालक गाडीची चावी घेऊन उठलेच, म्हणाले, "८३ चाच आनतो."