विणकराचा माग आल्सासमध्ये

माझ्या सुनेचं माहेर पेनसिल्व्हेनियात. तिच्या घराण्याचा मूळपुरुष 1738 साली रॉटरडॅमहून निघालेल्या जहाजातून फिलाडेल्फियाला उतरला, इथवर सगळं पक्कं आहे. 1727पासून तिथं उतरणाऱ्या जर्मनभाषक पुरुषांकडून इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेत आणि यादीवर सह्या घेत. आमच्या माणसाची सही नाही, नुसती खूण आहे. शेजारी इंग्रज कारकुनानं त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं आडनाव लिहिलंय. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते एवढंच, की तो आल्सासचा, विणकर, ल्युथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट.

आल्सास म्हणजे आजच्या फ्रान्सची पूर्वेची कड, ऱ्हाईनच्या काठाची. तिथल्या चर्चच्या जुन्या वह्या सरकारी दप्तरखान्यानं स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. "मग तिकिटं कशाला काढताय दोघी?" हा मुलाचा प्रश्न रास्तच होता. मूळ वही हातात मिळणार नाही, हेही माहीत होतं. पण वहीत गावांची नावं असतात, गावांमधली अंतरं नसतात. आम्हाला ती बघायची होती.

वाचनाचं काम मात्र पुण्यातच, जेवणाच्या टेबलावर सुरू झालं होतं. या वह्या कुरेंट नावाच्या जुन्या जर्मन वळणदार लिपीत आहेत. मला मोडी येते. त्याचा उपयोग इतकाच की न लागणाऱ्या अक्षराची भीती वाटत नाही. बाकी सगळं नव्यानं शिकावं लागतं. बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' जोडतात, ते काढून आडनाव ओळखायचं. '7ब्रिस' दिसलं की जुलै समजायचं नाही, तो सप्टेंबर (लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात). कधी तारखेऐवजी नुसताच सणाचा रविवार लिहिलेला असतो, मग त्या वर्षीचा ईस्टर शोधून मागेपुढे मोजत बसायचं. आणि निम्म्या मुलग्यांचं पहिलं नाव योहान! ते नावापुरतंच, हाक मारायची दुसऱ्या नावानं. एकाच गावात एकाच वेळी तीन योहान याकोब, तिघांचं आडनाव एक, त्यातले दोघे विणकर.

ही गाठ सुटली ती धर्ममातापित्यांमुळे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांमुळे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या बापाचा धंदा, आईचं नाव आणि मग धर्ममातापिते असतात, गावासकट. हौशी लोक ती शेवटची ओळ सोडून पुढे जातात. माझ्या मते आधी तीच वाचावी. बाप एकसारख्या नावाचे असतील, पण गिरणीवाल्याची बायको कुणाच्या मुलांना दर खेपेला मांडीवर घेते, हे ठरलेलं असतं. पाद्री काही तीनशे वर्षांनी येणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या पोरीसाठी लिहीत नव्हता. आपल्या कळपात कोण आहे, कुणाचं लग्न रीतसर झालंय, हे त्याला वरच्यांना दाखवायचं होतं. त्यामुळे त्याच्या वहीत माणूस एकटा कधी सापडत नाही, नात्यागोत्यासकट सापडतो.

स्ट्रासबुर्गमध्ये आम्ही फार थांबलो नाही. कॅथीड्रल पाहिलं, सेंट टॉमस चर्च पाहिलं. याच शहरानं 1529 साली मास ही कॅथलिक उपासना बंद केली आणि मार्टिन बुत्सर या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाच्या सुधारणा उचलून धरल्या. नंतर भाड्याची गाडी घेऊन वायव्येला बूक्सविलेर गाठलं, साधारण 40 किलोमीटर. हे हानाऊ-लिख्टेनबेर्ग या जहागिरीचं मुख्य ठाणं. काउंटनं 1545 साली ल्युथरचा पंथ आणला आणि प्रजाही त्याच पंथाची झाली. त्या काळी धनी ज्या धर्माचा त्याच धर्माची रयत. त्यांचा वाडा फ्रेंच राज्यक्रांतीनंतर उरला नाही. गल्ल्या मात्र तशाच आहेत: लाकडी चौकटीची, पुढे कललेली घरं.

विणकराच्या गावाचं नाव इथं देत नाही, त्या आडनावाची माणसं अजून तिथं राहतात. बूक्सविलेरहून चालत जाता येतं. वाटेत बास्टबेर्गची टेकडी लागते, जिथल्या शिंपल्यांच्या जीवाश्मांनी जर्मन कवी गटेला तरुणपणी भुरळ घातली होती. चढावर सूनबाई म्हणाली, "आई, याची बायको या बाजूच्या गावातली, आईसुद्धा याच बाजूची. त्या बाजूची कुणीच कशी नाही?" त्या बाजूला, पंधराएक किलोमीटरवर, साव्हेर्न आहे. ते बिशपचं गाव, म्हणून कॅथलिक. बिशपच्या मुलखानं नवं ग्रेगोरियन कॅलेंडर 1583 साली घेतलं. स्ट्रासबुर्ग शहरानं पोपचं म्हणून ते टाळलं आणि 1682 साली, फ्रान्सच्या ताब्यात गेल्यावर स्वीकारलं. शंभर वर्षं दोन शेजाऱ्यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर! एकाचा नाताळ उरकायचा तेव्हा दुसऱ्याचा यायचा असायचा. सोयरिकी कशा जमणार?

(फ्रान्समध्ये 1905 साली धर्म आणि सरकार वेगळे झाले, पण तेव्हा आल्सास जर्मनीकडे होतं. म्हणून इथं पाद्र्यांना आजही सरकारी पगार मिळतो. हे ऐकून मी तिथल्या बाईंना दोनदा विचारून खात्री केली.)

विणकर सापडला. 1709चा बाप्तिस्मा, धर्मपिता गिरणीवाला. 1738नंतर मात्र वहीत त्याचा मागमूस नाही, गेल्याची नोंदही नाही. पुरावा मिळाला त्याच्या आईच्या दफनाच्या नोंदीत. या नोंदी लांबलचक असतात: वय वर्षं, महिने आणि दिवसांत, प्रवचनाला बायबलमधलं कोणतं वचन घेतलं ते, मागे कोण राहिलं ते. तिथं मुलांच्या नावांपुढे पाद्र्यानं लिहिलंय, एक मुलगा पेनसिल्व्हेनियात. सूनबाईनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि ते काढेचना.

मागे जावं तर तीस वर्षांच्या युद्धाची (1618 ते 1648) भिंत. 1622 साली मान्सफेल्ड या भाडोत्री सेनापतीच्या फौजांनी हा मुलूख लुटला, नंतर स्वीडिश आले, दुष्काळ आला, साथ आली. गावं ओस पडली. कुठं वह्याच नाहीत, कुठं आहेत पण मधली वर्षं गायब. 1648च्या तहानंतर पडीक जमिनी कसायला माणसं हवी होती आणि ती आली स्वित्झर्लंडमधून, मुख्यतः बर्न आणि झ्युरिककडून. 1660च्या दशकातल्या लग्नाच्या नोंदीत विणकराच्या आजोबांच्या नावापुढे स्पष्ट लिहिलंय: बर्नच्या मुलखातला. तो आला कॅल्व्हिनच्या वळणाच्या, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्याच दुसऱ्या पंथाचा, पण नातवंडांचे बाप्तिस्मे ल्युथरपंथी पाद्र्यानंच केले.

सूनबाईनं वडिलांना फोन लावला. "म्हणजे आपण आल्सासचे नाहीच?" पलीकडून आवाज आला. त्यांच्या घरी दर्शनी भिंतीवर आल्सासचा नकाशा आहे. आता तो काढायचा की राहू द्यायचा, यावर त्यांच्याकडे मतभेद झालेत म्हणे. बर्ननं 1528 सालीच बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायचा हुकूम काढला होता आणि तिथल्या वह्याही इंटरनेटवर आहेत. अडचण एकच: आमच्या नोंदीत मुलूख आहे, गाव नाही. सध्या बर्नच्या मुलखातल्या एमेंटालच्या खोऱ्यातल्या गावांपासून सुरुवात केली आहे. रोज रात्री भांडी आवरली की दोघी बसतो. एक गाव धरायचं, 1630 ते 1645च्या वह्या चाळायच्या, नाही मिळालं की पुढचं.